फांद्या पांढऱ्या पडू लागल्या तेव्हा

कामशेत
४ डिसेंबर २०२३

ती. आबांस,
यशोधराचा सप्रेम जयभीम, वि. वि.

शाळेच्या मधल्या सुट्टीत लिहिते आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून बोलायला माझ्यात आता जीव राहिलेला नाही, म्हणून पत्रच बरं. बजरंगभाऊ दुधाचा टेम्पो घेऊन दुपारी स्टेशनाकडे येतात, त्यांच्याकडे देईन.

अपघातानंतरचं सुहासच्या पाठीचं ऑपरेशन होऊन उद्या पाच आठवडे होतील. टाके सुकले. डॉक्टर म्हणतात, अजून दोन महिने उठायचं नाही. खोलीत एकट्याला कोंडल्यासारखं होतं म्हणून त्याची कॉट हॉलमध्ये आणली, आणि तिथेच चूक झाली असं आता वाटतं. कारण समोर ती टाकी आहे.

तुम्ही दोन वर्षांपूर्वी आला होतात तेव्हा पाहिली असेल. खाऱ्या पाण्याची, निळ्या दिव्याची, चार फुटी. त्यात मासे आहेत पाचच. बाकी सगळे प्रवाळ. ते दगडासारखे दिसतात, पण जिवंत प्राणी असतात, आबा. मोहरीएवढे हजारो जीव एकत्र राहून अंगाखाली चुनखडीचं घर बांधत जातात आणि वरून फांदी दिसते. सुहासनं सहा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका हौशी माणसाच्या टाकीतून बोटभर तुकडा आणला होता. त्याची आता सुपाएवढी जांभळी जाळी झाली आहे. झाली होती, असं म्हणायला हवं. पंधरा दिवसांपासून तिची टोकं पांढरी पडत आहेत, आणि बुडाकडून कातडं सुटून खाली नुसता सांगाडा उरतो आहे. दुसऱ्या दोन जातींचंही तेच सुरू झालं आहे.

सुहास पडल्या पडल्या सांगतो आणि मी करते. आधी हीटर बदलला. मग दिवा मंद केला. मग फांद्यांच्या बुडाशी किडे आहेत का ते भिंगातून पाहिलं, नव्हते. सकाळी साडेपाचला उठून पाणी तपासायचं, त्याला आकडा सांगायचा, त्याचं अंग पुसायचं, डबा करायचा, दिवसा त्याला सांभाळणाऱ्या धोंडाबाई आल्या की तळेगावहून इकडची लोकल पकडायची. त्या सहाला जातात, म्हणून मला परतीची गाडी चुकवून चालत नाही. वडिवळे शाळेपासून इतकं जवळ, तरी तुमच्याकडे यायला जमलेलं नाही. रागावू नका.

तुम्ही जन्मभर पाणी शुद्ध केलंत, म्हणून हे सगळं लिहिलं. काही सुचलं तर कळवा. तब्येतीला जपा आणि माझ्यावर जीव असू द्या.

तुमची,
यशू


वडिवळे
८ डिसेंबर २०२३

चि. यशूस,
आबाचे अनेक आशीर्वाद आन् जयभीम.

तुजं पत्र बजरंगनं पोचवलं. हितं भात झोडून झालं, पेंढा रचला, आता मी मोकळाच हाय. मी बोलतो तसंच लिवतो, शाळामास्तरीण हाईस म्हणून लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवू नगंस.

पवळं म्हंजी अंगठीत बसवत्यात तेवढंच मला ठावं व्हतं. ते जितं असतंय आन् आजारी बी पडतंय, हे या वयात समजलं. पण पोरी, दगडांचं तू पानभर लिवलंस, जावईबापूंचं चार वळीत उरकलंस आन् सोताचं एका बी वळीत न्हाई. तू जेवतीस का येळंवर?

आता पाण्याचं. फिल्टर प्लांटवर बत्तीस वर्सं काढली, पंपाच्या घरघरीत कान गेलं, पण एक शिकलो. पाणी बिघडलं की माणूस धा ठिकानी हात मारतो. दिवा बदलतो, हीटर बदलतो. तसं करू नगंस. एका टायमाला एकच गोष्ट हलवायची, न्हाईतर कशानं गुण आला आन् कशानं बिघडलं ते कळत न्हाई. मला इतकंच सांग: पाण्यात रोज काय टाकता, किती टाकता, आन् ते किती टाकायचं हे कशावरनं ठरवता? आन् टाकीतलं पाणी एका सोच्छ बाटलीत काठोकाठ भरून, हवा न ठेवता, बजरंगकडं दे. आमच्या पाणीयोजनेवर आदिनाथ म्हणून ऑपरेटर हाय. त्यो मला तपासणीचं टेबल वापरू देतो.

जावईबापूंना आशीर्वाद. काळजी हाय, ती असणारच.

तुजा,
आबा


कामशेत
१४ डिसेंबर २०२३

ती. आबांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

सोबत बाटली आहे. सकाळी भरली, काठोकाठ.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. प्रवाळ पाण्यातले क्षार ओढून घर बांधतात, म्हणून ते क्षार रोज भरून काढावे लागतात. त्यासाठी सोड्याचं द्रावण एका छोट्या पंपानं टाकीत सोडतो. किती, ते तपासणीच्या किटवरून ठरतं. पाच मिली पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब मोजत टाकायचे आणि निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं. जितके थेंब, तितके अंश. आमच्या टाकीत साडेआठ असायला हवेत. ऑक्टोबरपासून आकडा सारखा खाली यायचा: आठ, साडेसात, सात. दर वेळी सुहास डोस वाढवायला सांगायचा. आता डोस जवळपास दुप्पट आहे, तेव्हा कुठे साडेआठ टिकतो आहे. म्हणजे तो आकडा तर बरोबर आहे. म्हणूनच सुहासला वाटतं की दोष दुसऱ्या कशात तरी आहे.

आणि तो दोष त्यानं परवा धोंडाबाईंवर ठेवला. त्या टाकीजवळची फरशी फिनेलनं पुसतात, आणि एकदा खाली पडलेली माशांच्या खाण्याची डबी उचलताना त्यांचा हात पाण्याला लागला होता. मी घरी यायच्या आधीच त्यानं त्यांना नको ते ऐकवलं. सहा वर्षांची मेहनत तुमच्या घाणेरड्या हातांनी मारली, असं म्हणाला. ज्या बाईनं पाच आठवडे त्याचं भांडं उचललं, तिला.  त्यांनी चहाचा कप धुऊन पालथा ठेवला आणि त्या गेल्या. काल आल्या नाहीत, आज आल्या नाहीत. मी दोन दिवस अर्धी रजा टाकली. मुख्याध्यापकांनी कॅलेंडरकडे पाहिलं.

आबा, खरं सांगू? मला त्या फांद्यांचं वाईट वाटणंही बंद झालं आहे. रोज सकाळी दिवा लागतो, आणि आज किती पांढरं झालं हे तो मला विचारतो, जणू ते मी केलं आहे. त्याला मान वळवून नीट दिसत नाही, म्हणून मी मोजून सांगायचं. काल मी दोन फांद्या कमी सांगितल्या.

पुढचं लिहवत नाही. घंटा झाली. लोभ आहेच तुमचा, तो असाच राहावा.

तुमची,
यशू


वडिवळे
१९ डिसेंबर २०२३

चि. यशूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र आधी तू एकटीनं वाच. मग जावईबापूंना काय सांगायचं ते तू ठरव.

तुजं पाणी मी तीनदा तपासलं. पैल्यांदा इस्वास बसंना म्हणून दुसऱ्यांदा, आन् आदिनाथनं सोताच्या हातानं तिसऱ्यांदा. तिन्ही टायमाला आमच्या मापानं, म्हंजी लिटरमागं मिलिग्रॅममदी, दोनशे तीस-बत्तीसच्या आसपास. तुज्या किटच्या हिशोबानं त्याचं तेरा अंश व्हत्यात. साडेआठ न्हाईत. तुमी आकडा कमी हाय म्हणून सोडा वाढवत गेला, आन् पाण्यात त्यो गरजेच्या दीडपट झालाय. माज्या समजुतीनं पवळ्यांची टोकं त्यानंच जळत्यात.

पण माजं बी चुकू शकतं. म्हणून दुसरी बाटली पाठवतोय. त्यात सोडा तोलून मी पक्कं दीडशेचं पाणी केलंय. तुजं किट चांगलं असंल तर त्यावर साडेआठच्या जरा खाली दावंल. न्हाई दावलं, तर आजार टाकीत न्हाई, किटमदी हाय. औषधाच्या बाटलीचं झाकण बगून घे. झाकण सैल ऱ्हायलं की पाणी उडतं, औषध दाट व्हतं. दाट औषधाचं थेंब कमी लागत्यात, आन् आपल्याला वाटतं आकडा खाली आला.

आता जे लिवतोय ते तुज्या आईला बी कवा सांगितलं न्हवतं. शहाण्णव साली मी एका दुसऱ्या गावच्या योजनेवर व्हतो. क्लोरीन जास्त पडलं, गावात बायकापोरांना उलट्या झाल्या. कोण मेलं न्हाई, पण सायेब आला. डोस देणारा गेणू व्हता, माजा मदतनीस. मी सायबाला सांगितलं, गेणूनं माप चुकवलं. गेणूची बदली झाली, लांब, घाटाखाली. दोन म्हैन्यांनी मला कळलं की माप बरोबर व्हतं. वजनकाटाच कमी दावत व्हता, आन् काटा तपासायचं काम माजं व्हतं. मी काटा बदलून घेतला आन् गप ऱ्हायलो. सत्तावीस वर्सं झाली.

धोंडाबाईचं तू लिवलंस तवापासनं मला जेवान ग्वाड लागंना. म्हणून लिवलं. तुजा लोभ ह्या पत्रानं कमी झाला तरी माजा काय बोल न्हाई.

आबा


तळेगाव दाभाडे
२४ डिसेंबर २०२३

ती. आबांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

लोभ कमी झालेला नाही. आधी हे लिहिते, म्हणजे तुम्ही पुढचं नीट वाचाल.

तुमची बाटली मी दोन दिवस स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे ठेवली. सुहासला कसं सांगू, तेच कळत नव्हतं. कारखान्यात त्याचं कामच ते आहे, आबा. दुसऱ्यांची मोजमापाची यंत्रं तपासून बरोबर आहेत अशी चिठ्ठी लावायची. त्याला मी सांगणार, की तुझंच माप खोटं होतं?

शेवटी काहीच सांगितलं नाही. आज रविवार. त्याच्या पोटावर जेवणाची पाटी ठेवतो तशी ठेवली, त्यावर किट, परीक्षानळी आणि तुमची बाटली. म्हटलं, आबांनी दीडशेचं पाणी पाठवलं आहे, तूच मोज. त्याला वाटलं तुमची काही गंमत आहे. उशीला टेकून त्यानं थेंब मोजले. सहाव्याला पिवळं झालं, म्हणजे धरा साडेपाच. साडेआठ नाही. त्यानं नळी धुतली, पुन्हा मोजलं. तेवढंच. मग त्यानं औषधाची बाटली उजेडात धरली. झाकणाच्या आतली चकती फाटली होती आणि कडेला खार धरला होता. ऑक्टोबरात आकडा पहिल्यांदा उतरला तेव्हा ती बाटली तोच वापरायचा, अपघाताच्या आधी.

बाटली त्यानं पाटीवर आडवी ठेवली. मग म्हणाला, पंप बंद कर. मी केला.  मला वाटलं होतं तो माफी मागेल, किंवा निदान ओरडेल. मी वाट पाहत पोळ्या केल्या. मग वाट पाहायचाही कंटाळा आला.

आता पाणी पटकन बदलून टाकायचं का? मोठी जाळी अर्ध्याहून जास्त गेली आहे. लवकर कळवा.

तुमची,
यशू


वडिवळे
२७ डिसेंबर २०२३

चि. यशूस,
अनेक आशीर्वाद. घाईत लिवतोय, बजरंग दारात उभा हाय.

पटकन काय बी करू नगंस. पाण्यातला वाढलेला सोडा सावकाश उतरू दे, दिवसाला अर्ध्या अंशापरास जास्त न्हाई. सोडा बंद, बास. नवं किट आणलंस की आधी माज्या दीडशेच्या पाण्यावर तपास, मगच टाकीला लाव. जे जगायचं ते त्या येळात जगंल.

काल गेणूकडं गेलतो. खडकाळ्याला लेकाकडं ऱ्हातो आता. दोन तास बसलो तरी माज्या तोंडून निघंना. मग काढलं एकदाचं. त्यो म्हनला, मला तवाच कळलं व्हतं काटा बदलला त्यावरनं. तू कवा येतोस, तेवढंच बगायचं ऱ्हायलं व्हतं. च्या पाजला. मला वाटलं व्हतं सांगितल्यावर हलकं वाटंल. तसं काय वाटलं न्हाई. पण गेलो ते बरं झालं.

जावईबापूंवर लय ताणू नगंस. त्यांना बी येळ दे, पाण्यासारखाच.

आबा


कामशेत
१९ जानेवारी २०२४

ती. आबांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

उशीर झाला लिहायला. रोज लिहीन म्हणायचे आणि लोकलमध्ये बसल्या बसल्या डोळा लागायचा. एकदा तर थेट पुढच्या स्टेशनावर उतरले.

पाणी साडेआठवर यायला बारा दिवस लागले. नवं किट तुमच्या पाण्यावर बरोबर चाललं. पण मोठी जाळी थांबली नाही. बुडाकडचं कातडं रोज बोटभर वर सरकत होतं. मग सुहासच म्हणाला, जिवंत टोकं कापून वेगळी करू या, नाहीतर काहीच उरणार नाही. डॉक्टरांनी त्याला पट्टा बांधून अर्धा तास बसायची परवानगी दिली आहे. तो अर्धा तास त्यानं ह्याला वापरला. टाकीत हात घालणं त्याला शक्य नव्हतं, म्हणून पाण्यात माझे हात आणि बाहेर त्याचे. मी कात्रीनं फांदी तोडायची, तो पांढऱ्यापासून वर बोटभर चांगला भाग सोडून पुन्हा छाटायचा आणि गोंदानं छोट्या चकतीवर उभा करायचा. कापताना अगदी खडूसारखा आवाज येतो. सात तुकडे झाले. उरलेला सांगाडा मी बाहेर काढला तेव्हा तो कॉटवर आडवा झाला होता. त्यानं तो हातात मागून घेतला आणि छातीवर धरला. सहा वर्षं, एवढंच म्हणाला. तेव्हा मात्र मला रडू आलं, आणि ते फांद्यांसाठी होतं की कशासाठी, ते माझं मलाच कळलं नाही.

तुमचं गेणूकाकांचं पत्र मी त्याला वाचायला दिलं होतं. तुम्हाला न विचारता दिलं, माफ करा. दुसऱ्या दिवशी त्यानं मला धोंडाबाईंकडे पाठवलं. मी म्हटलं, मी नाही सांगणार, तुझं तू सांग, मी फक्त बोलावून आणते. त्या आल्या, पण दारातच उभ्या राहिल्या. त्यानं झोपल्या झोपल्या हात जोडले आणि म्हणाला, चूक माझी होती, हात तुमचे घाण नव्हते, माझं माप खोटं होतं. त्यांना मापाचं काही कळलं नसेल. त्या म्हणाल्या, अहो दादा, मला लेकानं बी एवढं टोचलं न्हवतं. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. तोवर माझी अर्धी रजाच चालू होती. सोमवारपासून त्या येतात. टाकीच्या बाजूची फरशी मात्र पुसत नाहीत, ती मी पुसते.

मी दमले आहे, आबा. कुणावर राग नाही, नुसती दमले आहे. प्रकृतीला जपा. आठवण ठेवता, तशी ठेवा.

तुमची,
यशू


तळेगाव दाभाडे
२ मार्च २०२४

ती. आबांस,
सुहासचा सविनय जयभीम, वि. वि.

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे मायना चुकला असेल तर यशूला विचारू नका, तुम्हीच सुधारून घ्या. हे पत्र तिच्या पिशवीत आहे आणि तिनं ते वाचलेलं नाही. ती स्वतः घेऊन तुमच्याकडे येते आहे.

टाकीचं आधी सांगतो, म्हणजे तो विषय संपेल. सात तुकड्यांपैकी तीन गेले. चार आहेत. त्यातल्या एकानं गोंदावर कातडं पसरायला सुरुवात केली आहे, नखाएवढं, जांभळं. बाकीच्यांचा भरवसा अजून देता येत नाही. मी आता वॉकर धरून घरभर चालतो. लिटरभराच्या वर उचलायचं नाही, म्हणून पाणी मगानं भरतो. वेळ लागतो, पण माझ्याकडे वेळच आहे. धोंडाबाई दिवसा असतात. त्यामुळे यशूला आठ दिवस पाठवतो आहे. तिनं रजा टाकली आहे. पंधरा दिवस राहिली तरी चालेल.

तुमचं पत्र मी वाचलं होतं. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. फक्त एवढंच, की सत्तावीस वर्षं थांबायची मला भीती वाटली.

धोंडाबाईंशी बोललो. यशूशी बोलायचं राहून गेलं होतं. तीन महिने मी रोज पहाटे तिला उठवून आकडा विचारला. किती थेंब, किती फांद्या, किती अंश. तिनं उभ्या उभ्या सांगितलं. तू नीट झोपलीस का, हे एकदाही विचारलं नाही. मोजमाप माझं काम आहे, आबा, आणि हे मोजायचंच राहिलं.

आज सकाळी विचारलं. ती डबा भरत होती. थांबली, जरा विचार केला आणि नाही म्हणाली. एवढंच, नाही. मग मी वॉकर धरून ओट्यापर्यंत गेलो आणि चहा टाकला. अर्धा उतू गेला, साखर कमी पडली. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तो प्याली.

ती आल्यावर तिला टाकीचं काही विचारू नका. मी काही विचारलंय का, तेही विचारू नका. अंथरूण घालून द्या. तिला फोन करायला सांगू नका, इकडचं मी पोस्टानं पत्र टाकून कळवत राहीन. माझ्याबद्दल तुमच्या मनात जो काही लोभ शिल्लक असेल, तो हे आठ दिवस तिलाच द्यावा.

आपला,
सुहास